तिसरी हाक

वसुधाताई परुळेकरांना एका हाकेला ओ देता येत नाही. हॅम्बर्गला येऊन चाळीस वर्षं होऊन गेली, पण ही सवय काही सुटली नाही. बेकरीतली बाई "फ्राऊ परुळेकर!" म्हणून हाक मारते आणि त्या नुसत्या पावांकडे बघत उभ्या राहतात. ती पुन्हा हाक मारते, तरी यांचं तोंड मिटलेलं. तिसऱ्यांदा हाक आली की मग "या, या," असं जर्मनमधलं 'हो, हो' म्हणत पुढे होतात. डॉक्टरांनी एकदा कान तपासायला पाठवलं होतं. कान ठणठणीत निघाले.

"कानांना काय धाड भरलीय," त्यांचे पती शशिकांतराव म्हणाले. "माणूस वेंगुर्ल्याचं आहे, एवढाच आजार."

वेंगुर्ल्याला वसुधाताईंची आई पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून मुलींना बजावायची, "पयल्या हाकेक ओ देव नको गो चेडवांनो. दुसऱ्याकय नको. माणूस असात तर तिसऱ्यांदा हाक मारतला." जे माणूस नसतं, ते ओळखीच्या आवाजात दोनदाच बोलावतं. तिसरी हाक त्याला जमत नाही. वसुधाताई हे जर्मनीत कुणाला सांगत नसत. बालवाडीच्या स्वयंपाकघरात त्यांनी वीस वर्षं काढली, तिथल्या मुलांना मात्र आपोआप कळलं होतं की या बाईंकडून वाढून घ्यायचं तर तीनदा ओरडावं लागतं.

शशिकांतराव विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते थट्टा करायचे, "अगं, इथे भूत आलंच तर त्याला आधी आनमेल्डुंग करावी लागेल. पत्ता नोंदवल्याशिवाय इथे कुणाला राहू देत नाहीत."

"तुम्ही हसा," वसुधाताई म्हणायच्या. "अहो, पण ओ देऊ नका."

त्यांना एक नात, कुहू. मुलगा प्रसन्न आणि सून कारेन यांची एकुलती एक. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "कुहू, दूध घे," म्हटलं की "या, ओमा," म्हणजे 'हो, आजी', हेसुद्धा जर्मनमध्येच. वसुधाताईंना दुसऱ्या कशाची हाव नव्हती. फक्त एकदा तरी या पोरीने आपल्याला "आजी" म्हणावं, एवढं त्यांच्या मनात होतं. त्यांनी लाडीगोडी केली, करंज्यांची लालूच दाखवली. कुहू करंज्या खाऊन "डांके, ओमा" म्हणायची. हाकांचा नियम मात्र तिला लहानपणीच पाठ झाला. तो दोघींचा खेळच होता. एकीने लपायचं, दुसरीने हाका मारायच्या आणि तिसऱ्या हाकेपर्यंत चूं करायचं नाही.

कुहू पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या क्लबने शेजारी देशांतल्या मुलींची फुटबॉल स्पर्धा भरवली. डेन्मार्क, नेदरलँड्स आणि पोलंडमधून संघ आले. मैदान शहराबाहेर, एल्बे नदीच्या काठी. मैदानाच्या एका बाजूला नदीचा गवताळ बांध, दुमजली घराएवढा उंच. त्यावर मेंढ्या चरतात. बांधापलीकडे सपाट कुरण आणि मग नदी. समुद्राला भरती आली की नदी उलटी फुगते आणि त्या कुरणात पाणी शिरतं. पाटीच लावली आहे तशी.

कुहू यजमान संघाची गोलकीपर. शेवटच्या दिवशी, ऑक्टोबरमधल्या एका दुपारी, डेन्मार्कशी अंतिम सामना होता. पालकांनी केकचं टेबल मांडलं होतं, त्यात वसुधाताईंचे बटाटेवडे होते आणि ते केकच्या आधी संपत आले होते. पोलंडचा एक दांडगा बाप चौथा वडा खात होता. शशिकांतराव घडीच्या खुर्चीवर बसून मुलींचा सराव बघत होते.

सरावात कुणीतरी मारलेला चेंडू बांधापलीकडे गेला. "मी आणते," म्हणून कुहूच धावली. बांधावरच्या पायऱ्या चढताना तिची पिवळी जर्सी वसुधाताईंनी पाहिली. पुढच्या वेळी मान वर केली तेव्हा पायऱ्या नव्हत्या. बांधही नव्हता. नदीवरून धुकं आलं होतं, आणि ते सरकत आलं नव्हतं, कुणीतरी चादर टाकावी तसं एकदम पडलं होतं. जवळचा गोल दिसत होता, पलीकडचा नाहीसा झाला होता.

मुली हसत-किंचाळत कपडे बदलायच्या खोलीकडे पळाल्या. प्रशिक्षक फ्राऊ लोरेन्झेन यांनी डोकी मोजली आणि विचारलं, "कुहू कुठे आहे?"

कुहूचा फोन तिच्या पिशवीत वाजला. प्रसन्न रस्त्याच्या बाजूने धावत गेला. फ्राऊ लोरेन्झेन शिट्टी वाजवत राहिल्या, पण धुक्यात ती शिट्टी एकदा डावीकडून ऐकू यायची, एकदा पाठीमागून. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं की भरतीची वेळ झाली आहे.

वसुधाताईंनी ते ऐकलं. कुणाला न विचारता त्या बांधाच्या पायऱ्या चढू लागल्या. वर पोचल्यावर मागचं मैदान, माणसं, केकचं टेबल, सगळं पुसून गेलं. जवळच एक मेंढी खोकली, अगदी म्हाताऱ्या माणसासारखी. लोखंडी कठड्याला धरून त्या पलीकडे उतरल्या. पायाखाली मऊ, ओलं गवत लागलं.

"आजी."

उजव्या हाताने आली हाक. नदीच्या बाजूने.

आवाज कुहूचा होता. त्यात शंका नव्हती. खेळून घसा बसल्यावर जसा थोडा जाडसर होतो, तसाच. पण शब्द स्वच्छ होता. त्यात जर्मन वळण नव्हतं. वेंगुर्ल्याच्या पाणंदीत वाढलेली मुलगी म्हणेल, तसा.

पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते कानावर आलं होतं. ओ त्यांच्या ओठापर्यंत आली. त्यांनी गळ्यातला स्कार्फ तोंडात धरला.

"आजी, ये ना गं. पाय भिजलेत माझे."

हाक जवळ आली होती. आईचं म्हणणं आठवत होतं आणि त्याच वेळी दुसरं मन ओरडत होतं: पोर घाबरली असेल. घाबरल्यावर माणसाच्या तोंडी घरातली भाषा येते. तिकडे पाणी चढतंय आणि तू वेंगुर्ल्याच्या भुतांचा हिशोब करत उभी आहेस. नातीपेक्षा नियम मोठा का?

त्या तिसऱ्या हाकेसाठी थांबल्या. इतक्या आतुरतेने त्यांनी आयुष्यात कशाची वाट पाहिली नव्हती. गवतातून काहीतरी सरसरत होतं. हाक आली नाही.

मग त्यांना खेळ आठवला. ओ द्यायची नाही, पण हाक तर मारता येईल. त्यांनी स्कार्फ काढला आणि जीव खाऊन ओरडल्या, "कुहू!"

काही नाही.

"कुहू!"

उजवीकडे अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"कुहू!"

"ओमा! हिअर!"

उत्तर डावीकडून आलं. नदीपासून दूर, बांधाच्या पायथ्याकडून. वसुधाताई बांधाचा उतार हाताने चाचपत तशाच सरकत गेल्या. मेंढ्यांच्या फाटकाला दोन्ही हातांनी मिठी मारून कुहू उभी होती. काखेत चेंडू. बूट कोरडे.

"असा खेळ आत्ता कशाला खेळायचा?" ती रडत रडत जर्मनमध्ये भांडायला लागली. "दोनदा हाक मारलीस आणि गप्प बसलीस!"

"मी आत्ता तीनदा मारली, बाळा."

"त्याच्या आधी. तिकडून." तिने नदीकडे बोट केलं. "कुहू, इकडे ये, पाणी नाहीये, असं म्हणालीस. दोनदा. मी निघालेच होते. मग म्हटलं, तिसरी येऊ दे."

वसुधाताईंनी तिचा हात धरला. दोघी फाटकातून बांधावर चढल्या. वर पोचेपर्यंत खालचं धुकं थोडं विरळ झालं. मघाशी उजवीकडून हाक आली होती तिथे आता गवत नव्हतं. पाणी होतं, सपाट, आवाज न करता चढलेलं.

सामना झाला नाही. कप दोन्ही संघांना मिळून दिला. डेन्मार्कच्या गोलकीपरने कुहूला स्वतःचे हातमोजे भेट दिले. परतीच्या वाटेवर गाडीत कुहू झोपल्यावर वसुधाताईंनी त्या हाकांचं सांगितलं, तेव्हा शशिकांतराव म्हणाले, "मेंढ्या असतील गं. धुक्यात त्यांचा आवाज माणसासारखा वाटतो."

"मेंढ्या मराठी बोलत नाहीत," वसुधाताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कुहू घरी आली. बापाकडून तिला कळलं असावं की ओमाला काय ऐकू आलं होतं आणि तिने काय सोसलं. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली, लाजली, आणि वसुधाताईंच्या तोंडाकडे बघत, जीभ अडखळवत म्हणाली, "आ-जी."

वसुधाताईंचे हात पिठात होते. त्यांनी तशाच हातांनी तिला जवळ घेतलं.

"नको गं," त्या म्हणाल्या. "मला ओमाच म्हण. तेवढी एक खूण राहू दे आपल्याकडे."

कुहूने मान डोलावली. तिने कारण विचारलं नाही.

नोव्हेंबरात धुकं शहरातही येऊ लागलं. एका संध्याकाळी वसुधाताई न्हाणीघरातून बाहेर आल्या तर बाल्कनीचं दार लावलेलं. शशिकांतरावांना हवा लागते, ते दार सहसा लावत नाहीत. ते सोफ्यावर सरळ बसले होते. टीव्ही बंद होता.

"अहो, दार का लावलंत? कुणी हाक मारत होतं का?"

शशिकांतरावांनी काचेबाहेर पाहिलं. बाहेर नुसतं पांढरं होतं.

"दोनदा," ते म्हणाले.