गिरणीतलं इंग्रजी आणि उमापूरची सुपारी

गेवराईत पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला इंग्रजी कशाला पाहिजे, असं मला सगळ्यांनी विचारलं. मलाही नीट सांगता यायचं नाही. गिरणीच्या माडीवर स्पोकन इंग्लिशचा क्लास निघाला, सर आमचेच भाडेकरू, त्यांना नाही म्हणता येईना. एवढंच खरं कारण. कॉलेजच्या पोरापोरींत मी पन्नाशीची बाई, केसांत पीठ, पहिल्या बाकावर.

एकदा सरांनी वचन देण्याचे आणि शंका घेण्याचे वाक्प्रचार दिले. म्हणाले, रोजच्या बोलण्यात वापरा. झालं! मी गिऱ्हाइकांचा छळ मांडला. दळण कधी मिळंल, असं कुणी विचारलं की 'विदाउट फेल, चार वाजता.' ज्वारीत खडे दिसले की 'आय हॅव माय डाउट्स.' एक म्हातारी डबा उचलून म्हणाली, 'बाई, तुला झालंय तरी काय?' आमचे हे तर गिरणीच्या आवाजाचं निमित्त करून बहिरेच झाले.

माझे उच्चार भाची सुधारायची, फोनवर. उमापूरच्या माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बीडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एक दिवस तिनंच मला काम सांगितलं. रविवारी तिच्या लग्नाची सुपारी फोडणार होते. आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग माघार नाही.

'आत्या, बाबा तुझंच ऐकतात. कॉलेज पुरं होईस्तोवर सुपारी फोडू देऊ नको.'

मी थाटात म्हणाले, 'आय गिव्ह यू माय वर्ड! शब्द दिला, जा!'

काय सांगू, वाक्य असं जागच्या जागी बसलं की मला त्याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी क्लासात तेच सांगून टाळ्या घेतल्या. भावाला फोन करायचा मात्र राहून गेला.

रविवारी नवी साडी नेसून उमापूर गाठलं. मुलाकडचे पाहुणे पुण्याचे, त्यामुळं इंग्रजी बोलायला माझी जीभ शिवशिवत होती. पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका दाराशी. भावानं मुलाच्या वडलांना विचारलं, 'पोरीचं शिक्षण?'

'बघू की लग्नानंतर,' ते म्हणाले.

आता आमच्या भागात 'बघू' म्हणजे 'न्हाई', हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी? 'बघू'ला इंग्रजीत काय म्हणतात, हे आठवत बसले होते. अक्कल बघा माझी!

तेवढ्यात भाची सुपारीचं तबक घेऊन आली. ते माझ्यापुढं ठेवून पाया पडायला वाकली आणि कानाशी म्हणाली, 'आत्या, यू गेव्ह मी युवर वर्ड.'

तिचे डोळे भरले होते. शिकलेलं सगळं इंग्रजी पळालं. मी तबकातली सुपारी उचलली आणि मुठीत गच्च धरली.

'थांबा. पोरीचं कॉलेज झाल्याबिगर ही फुटायची न्हाई.'

भाऊ तडकला. 'आक्का, तुला कावून मधी पडायचं?'

'मी तिला शब्द दिलाय.'

'मला न इचारता?'

'इंग्रजीत दिलाय,' मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडून असंच काहीबाही निघतं.

सतरंजीवर हशा पिकला. आमचे चुलते डोळे पुसत म्हणाले, 'आगं, इंग्रजीतला शब्द काय धरून बसायचा!'

'तिनं धरलाय,' मी म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. पाहुणे चहा पिऊन 'कळवतो' म्हणत गेले, ते गेलेच. भाऊ जेवला नाही, माझ्याशी बोललाही नाही. मला लई वाईट वाटलं, पण मीही त्याचीच बहीण, सुपारी काही तबकात परत ठेवली नाही.

संध्याकाळी भाची बीडला निघाली. मी तिची बॅग उचलायला गेले, तर भावानं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि पुढं चालू लागला. आम्ही दोघी त्याच्या मागं. फाट्यावर बस दिसली, त्यानं बॅग तिच्या हातात दिली आणि रस्त्याकडं बघतच विचारलं, 'परीक्षा कधी हाय तुझी?'