अक्काचा चढ आणि मोटारीचं उलटं गणित

मंगळवारी सकाळी नौबादला रशीदभाईच्या गॅरेजात दातेरी चाकांच्या दोन जोड्या पोत्यावर मांडलेल्या होत्या, आणि मी त्यांच्यापुढे उकिडवा बसून नुसता बघत होतो. एक निवडायची होती... आणि डोकं काही चालेना.

मोटार माझ्या सासऱ्यांची, अप्पांची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणजे पंच्याहत्तरीला टेकलेली. मैलूरच्या घरी तिची सगळी उस्तवार मीच करतो, पुस्तकं उघडून, हात काळे करून. कुणी शिकवलं नाही... ते अधूनमधून दिसतंही.

माझ्या बायकोची, महानंदाची, थोरली बहीण बसवकल्याणच्या पुढे टेकडीवरच्या एका गावात राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. वय ब्याऐंशी, आता ती गाव सोडून कुठं जात नाही. तिचं एकच मागणं... अप्पांची मोटार एकदा दारात आणा.

गेल्या वर्षी निघालो होतो. पण गावाच्या चढावर निम्म्यात मोटारीला दम लागला. मी घाबरून क्लच झटक्यात सोडला, आणि मागच्या ॲक्सलमधून कडकड आवाज आला. अक्का वर दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या वडिलांची मोटार ट्रॅक्टरनं खाली ओढून नेली. 

ॲक्सलच्या आतल्या दातेरी चाकांचे दात तुटले होते. तशीच जोडी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून रशीदभाईनं कुठून कुठून शोधून बसतील अशा दोन आणल्या. एकीत मोठ्या चाकाला सदतीस दात, छोट्याला नऊ. भागाकार चार-एक. दुसरीत त्रेचाळीस आणि आठ, म्हणजे पाच-तीनच्या वर. इंजिनकडून येणारा शाफ्ट इतके फेरे मारतो, तेव्हा चाक एकदा फिरतं.

आकडा मोठा तर ओढ जास्त, पळ कमी. हे मी वहीत तीनदा लिहून काढलं, तरी मनात दर वेळी उलटंच बसतं. मोठा आकडा आणि गाडी हळू... कामून बाबा?

जुन्या मोटारीवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर सगळे एका सुरात चार-एक म्हणाले. हायवेला सुखानं सत्तरनं जाईल, पाच-तीन लावलं तर चाळीसच्या पुढं इंजिन रडेल. मलाही आतून पळणारी मोटारच हवी होती, खोटं कशाला बोलू...

जुना आकडा किती ते कळावं म्हणून, मोटार रशीदभाईकडे द्यायच्या आधीच मी घरी एक प्रयोग केला होता. मागचं एक चाक जॅकवर उचललं, हातानं हळूच एक फेरा फिरवला आणि खाली शाफ्टचे फेरे मोजले. जवळजवळ अडीच. तुटक्या दातांमुळे अडखळत होतं, म्हणून चारदा मोजलं. अडीचच.

मग मी हिशेब केला. जुना आकडा अडीच होता म्हणून चढ जमला नाही. आता चार-एक लावलं की ओढही वाढली आणि पळही राहिला. दोन्ही हातांत लाडू. रशीदभाईला सांगितलं, चार-एक बसवा.

त्यानं ती जोडी उचलली, आणि परत पोत्यावर ठेवली. अडीच आकड्याची असली मोटार आपण जन्मात बघितली नाही म्हणाला. मग हात पुसत विचारलं, "अण्णा, चाक मोजलाव तवा दुसरं चाक कुठं होतं?"

"जमिनीवर. दुसरं कुठं असणार?"

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. बाजूला एक जीप उभी होती, तिचं एक चाक उचलून त्यानं मला दाखवलं. दुसरं चाक जमिनीला धरून बसलं की उचललेलं चाक दुप्पट फिरतं. म्हणजे मी एक फेरा मोजला, तो खरा अर्धाच.

"तुमचा आकडा अडीच न्हाई, पाचच्या जवळचा हाय. पाचानं चढ न्हाई झाला, आन् तुम्ही चार लावायलाव. अक्काच्या म्होरं पुन्हा ट्रॅक्टर बोलवायचा का?"

 गेल्या वर्षीचं ते दार डोळ्यांपुढं आलं. ग्रुपला चढ आहे हे मी सांगितलंच नव्हतं... त्यांचा काय दोष.

पाच-तीन बसवलं.

रविवारी निघालो. हायवेवर ट्रक तर ट्रक, कडब्यानं भरलेला टेम्पोसुद्धा हॉर्न देत पुढं गेला. महानंदा खिडकीतून बघत म्हणाली, "ओ, आपण जायलाव का उभं हाव?" इंजिन पुरेसं ओरडत होतं.

चढाला पहिला गिअर टाकला आणि क्लच अगदी सावकाश सोडला. मोटार कुरकुरत, एकेक हात पुढं सरकत, पण न थांबता वर गेली. दारात पोचून इंजिन बंद केलं, तरी मी स्टिअरिंग सोडेना.

अक्कानं मडगार्डवर हात फिरवला, दार उघडलं आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. महानंदा तिच्या शेजारी. आधी आत जाऊन चहा घेऊ असं मी म्हटलं, तर अक्का मला म्हणाली, "चहा हितंच आण. आन् मग जरा गावातनं फिरव. हळू फिरव बरं का, समद्यांनी बघावं."

मोठा आकडा आणि गाडी हळू... हे कोडं मला आजही पुरतं सुटलेलं नाही, रशीदभाईचे उपकार तेवढे कळले. पण त्या दुपारी दोन म्हाताऱ्या बहिणी मागं बसून बोलत होत्या, आणि मला कुठंच लवकर पोचायचं नव्हतं.