काळ्या चित्रातली बाई

माझ्या अंगावर खाकी आली ती अक्कामुळे. चौथीपर्यंतच शिकलेल्या या थोरल्या बहिणीनं आई गेल्यावर मला स्वतःच्या सासरी नेऊन वाढवलं, घरातला पहिला पदवीधर केलं. सेनगाव तालुक्यातलं ते प्रकरण आठवलं की आधी तीच समोर येते.

नव्वदच्या दशकात मी तिथं फौजदार होतो. सकाळच्या हजेरीलाच खबर आली: एका गावात चित्रकलेच्या मास्तरांना खोलीत कोंडलंय, पेटवून द्यायची भाषा चाललीय. जीप काढली आणि मास्तरांना ठाण्यात आणलं. पाठोपाठ घरमालकाच्या घरची माणसंही सुनेला घेऊन तक्रार द्यायला आली. त्यांच्या सुनेला झटके येत, रात्री पत्र्यावर दगड पडत. भाडेकरू मास्तरांनी भानामती केली, असं गावानं ठरवलं होतं. पुरावा म्हणजे मास्तरांच्या भिंतीवरून काढून आणलेलं चित्र.

एका फ्रेंच चित्रकारानं लाकडावर कोरून छापलेलं ते चित्र मास्तरांनी पुस्तकातून कापलं होतं. सगळा काळोख, त्यात अंग आकसून पडलेली बाई आणि मागं एक काळी आकृती.

"हे भूत कुणाचं?" मी विचारलं.

"भूत नाही साहेब, तिच्या मनातली भीती. प्रतीक आहे ते."

हवालदारांनी लेखणी थांबवली. "पंचनाम्यात प्रतीक लिहू का भूत?"

"काळी आकृती लिहा."

सुनेचा दीर सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. "वहिनी बराबर अशीच पडती साहेब! यानंच बांधलं तिला चित्रात!"

त्याला बाहेर काढलं. सासूला बसू दिलं आणि चित्र सुनेपुढं ठेवलं. तिनं चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं.

"हिला भेव वाटून राहिलं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"मागं हाय त्याचं. भूत न्हाई ते. ओळखीचं हाय."

"तुझ्या मागं कोण आहे?"

तिनं दाराकडं पाहिलं. "भावजी. दगड तेच मारतेत, म्या पाहिलं. बोललीस तर हिरीत टाकीन म्हणतेत. माझे धनी कामाला सुरतेला. मी भिऊन माहेरी गेले की आमच्या वाट्याची जमीन त्यांचीच."

सासू रडायला लागली. "काहून बोलली न्हाईस गं लेकरा?"

"कुणी इचारलं का?"

दिराला आत घेतलं. "दगड भुताचेच," तो म्हणाला.

"मग तुझ्या खोलीवर एकही कसा पडला नाही?"

त्यानं सगळं कबूल केलं.

मास्तरांना चहा दिला. ते हसले. "साहेब, चित्र परत मिळेल ना?" त्या दिवसापासून मी आधी मोठ्यानं बोलणाऱ्याला बाहेर काढतो, आणि जिला 'लागलंय' म्हणतात तिला विचारतो.

संध्याकाळी पत्र टाकलं:

'ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. आज एक बाई बोलली आणि एका माणसाचा जीव वाचला. तुझ्या सासरी तुलाही भानामती झाली म्हणायचे. अंगारे आले, देवऋषी आला. विचारलं कुणीच नाही. अक्का, तुला कशाची भीती वाटायची? रविवारी येतो. तू सांग, मी ऐकतो.'