बरणीत सोडलेली हवा

गल्लीत सगळे त्यांना मासेवाले काका म्हणत, आणि नवा माणूस हमखास विचारी, "किलोला कसे?" काका शांतपणे सांगत, "खायचे नाहीत, बघायचे आहेत." तीस वर्षं त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. काचेच्या एकोणीस टाक्या, प्रत्येकीत हवेची नळी आणि दिवसभर बुडबुड्यांचा आवाज. गिऱ्हाईक मासा घेऊन निघालं की काका एकच गोष्ट दोनदा बजावत: खायला घालायचं एखाद्या दिवशी विसरलात तरी चालेल, पण हवा बंद पडू देऊ नका.

एकुलती एक मुलगी मात्र बिनमाशांच्या पाण्याच्या नादी लागली. संशोधन करायची. तिनं एका मोठ्या बरणीत नाल्याचा काळा गाळ भरला, त्यात कार्बनच्या कापडाचा एक तुकडा पुरला, दुसरा वर पाण्यावर तरंगत ठेवला आणि दोन्हींच्या तारा एका इवल्याशा लाल दिव्याला जोडल्या. गाळातले जिवाणू साखर खातात आणि वीज देतात म्हणे. वीज ती केवढी! थेंबे थेंबे साठायची आणि दर पाच सेकंदांनी दिवा एकदा लुकलुकायचा. "एवढ्या उजेडात माशाला स्वतःची शेपटीही दिसायची नाही," काका चिडवत. पण बरणी त्यांनी गल्ल्याशेजारीच मांडली होती, आणि आल्यागेल्याला "ही आमच्या लेकीची वीज" म्हणून दाखवत.

मग मुलीच्या फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळात जाताना तिनं बजावलं, "बाबा, दर चौथ्या दिवशी साखरेच्या पाण्याचा एक चमचा. बाकी हात लावायचा नाही."

काकांनी मान डोलावली. पण इस्पितळाच्या खेपांत दोन चमचे राहून गेले, आणि एका सकाळी दुकान उघडून बघतात तर दिवा मिनिटाला जेमतेम एकदा लागतोय. तिकडे लेक मास्क लावून एकेक श्वास ओढत होती, आणि तिच्यासाठी त्यांना काहीच करता येत नव्हतं. इथे मात्र येत होतं. त्यांनी दुकानातला सगळ्यांत चांगला पंप काढला, नळी थेट गाळात खुपसली आणि बटण दाबलं. बुडबुडे आले. कितीतरी दिवसांनी काकांना जरा बरं वाटलं.

दुपारपर्यंत दिवा पार विझला.

लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. संध्याकाळी खाटेशेजारी बसून, मान खाली घालून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मुलगी मास्कच्या आत हसली, मग बराच वेळ खोकत राहिली.

"बाबा, ते गाळात खोल राहणारे. त्यांना हवा सोसत नाही. हवेनंच जीव गुदमरतो त्यांचा."

"असं कोण असतं गं जगात?"

"असतात. नळी काढा, चमचा द्या आणि वाट बघा. सगळे मरत नाहीत. आठ-दहा दिवसांत येतील परत." दम घेऊन ती म्हणाली, "दिवा लागला की लगेच मला फोन करा. कितीही वाजले असले तरी."

काकांनी नळी काढली, चमचा दिला, आणि इस्पितळातून आले की आधी बरणी बघू लागले. सातव्या दिवशी मुलगी गेली. हवा शेवटपर्यंत चालू होती. हवा चालू असताना ती गेली कशी, हे डॉक्टरांनी कितीदा समजावलं तरी त्यांना पटेना. काका आतून पार मोडले. गिऱ्हाइकांना बजावायचंही त्यांनी सोडून दिलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी ते माशांना खायला घालत होते. कोपऱ्यात काहीतरी लाल चमकलं. डोळ्यांचा भास असेल म्हणून ते तसेच उभे राहिले. पुन्हा चमकलं. मग पुन्हा.

हात आपोआप खिशात गेला. बोटानं तिचाच नंबर दाबला. दुकानामागच्या खोलीत तिचा फोन वाजला. काकू तो रोज चार्ज करून ठेवत. त्यांनी उचलला.

"बोला."

मध्ये एकच भिंत होती. काकूंचा आवाज भिंतीतूनही आला आणि फोनमधूनही.

"दिवा लागला गं," काका म्हणाले. "लगेच फोन करा म्हणाली होती."

"बरं," काकू म्हणाल्या. "सांगते तिला."