एक जॅक आणि दोन ड्रायव्हर

मोटारखान्यात दोन गोष्टी साठत जातात, पेट्रोलचे रिकामे डबे आणि किस्से. डबे लोक पाणी भरायला मागून न्यायचे. किस्से कोण नेणार? ते माझ्यापाशीच पडून राहिले. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर थोडे घेऊन जा.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. तेलगावच्या बाजूला एका जहागीरदारांकडे मी मोटारींचा मिस्त्री होतो. त्यांना सगळे सरकार म्हणायचे. सरकारांच्या मोटारी दोन, एकाच कंपनीच्या आणि एकाच रंगाच्या. ड्रायव्हरही दोन, पण ते मात्र अगदी वेगवेगळ्या रंगाचे.

बाबूमियाँ पन्नाशीचे. वीस वर्षं त्यांनी सरकारांची बग्गी हाकली, मग मोटार आली म्हणून मोटार हाकायला लागले. सटवा पंचविशीचा, धनगराच्या घरातला, हैद्राबादला राहून मोटार शिकून आलेला. तो बाबूमियाँना चाचा म्हणायचा आणि दिवसभर त्यांची खोडी काढायचा.

आजूबाजूचे जहागीरदार आणि सरकारी कंत्राटं घेणारे गुत्तेदार वर्षातून चारदा मोटारींची शर्यत लावायचे. त्या वर्षी सरकारांनी जाहीर केलं की मुंबईहून नवी मोटार येणार आहे, आणि या दोघांत जो जास्त शर्यती जिंकेल तो ती चालवेल. दुसऱ्याने जुनी मोटार घेऊन मागून यायचं.

सटवाला नव्या मोटारीची हौस होती, एवढंच. बाबूमियाँचं तसं नव्हतं. वीस वर्षं सरकारांच्या पुढ्यात बसणारा माणूस, त्याने आता मागून यायचं? मला तर ऐकूनच वाईट वाटलं. ते मात्र वर्दीचं बटण लावत म्हणाले, "मागं येईल तो पोरगा. त्याला धूर खायची सवय लागू दे."

* * *

बाबूमियाँच्या अंगातून बग्गी काही गेली नव्हती. ब्रेक दाबताना ते तोंडाने "हो, हो बेटा" म्हणायचे. मोटार थांबली की बॉनेट थोपटायचे. सटवा रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, चाचा, हिला दाणा-चंदी चारली का?

एकदा ते वैतागून म्हणाले, "तू तर मेंढरं हाकल्यावानी हाकतोस. तुझी एक दिवस चरायला जाईल बघ."

चारच दिवसांत सटवाची मोटार वळणावर रस्ता सोडून कुणाच्या तरी ज्वारीत शिरली. सटवा ठीक होता, मोटारही ठीक होती, फक्त चारही बाजूंनी कणसं. मी पळत येऊन बाबूमियाँना सांगितलं. ते चहा पीत होते. बशी खाली न ठेवता म्हणाले, "चरू दे बे थोडं. उपाशी आसंल."

असं म्हणाले खरं, पण दोर घेऊन माझ्या आधी तेच निघाले.

* * *

मोटारी दोन असल्या तरी जॅक एकच होता. शर्यतीत तो कुणी न्यायचा यावरून दोघांची जुंपली. सरकारांनी निकाल दिला की एकाने जॅक न्यायचा आणि दुसऱ्याने त्याचा दांडा. दोघं एकाच घरचे आहेत, एकमेकांना वाऱ्यावर सोडून जाता कामा नये, असा त्यामागे उदात्त विचार होता.

पहिल्याच शर्यतीत सटवा पुढे होता आणि त्याचं टायर पंक्चर झालं. जॅक त्याच्यापाशी, दांडा मागून येणाऱ्या बाबूमियाँपाशी. तो रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभा राहिला. बाबूमियाँनी वेग कमी केला, प्रेमाने "आलोच" म्हणाले आणि बाजूने निघून गेले.

आले, पण शर्यत जिंकून तासाभराने आले. गळ्यात झेंडूचा हार आणि हातात दांडा. हारासकट मातीत बसून त्यांनी स्वतः टायर बदललं. सटवा धुमसत म्हणाला, "चाचा, हार तरी काढा."

"न्हाई बे. मला रोज कोन घालतंय?"

* * *

दुसऱ्या शर्यतीत वाटेत नदी होती आणि तिच्यावर पूल नव्हता. पाणी किती ते कळत नव्हतं. इंजिनात पाणी शिरलं तर मोटार तिथेच बसणार. पहिला जो जाईल त्याच्यावरून दुसऱ्याला अंदाज येणार, हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं.

एरवी चाचाला एक शब्द नीट न बोलणारा सटवा त्या दिवशी कमालीचा अदबशीर झाला. "तुमी थोरले, चाचा, तुमी व्हा म्होरं." बाबूमियाँनी सांगितलं, तू जवान आहेस, पहिला मान तुझा. हा त्यांना मान देतोय, ते याला मान देतायत. शेवटी दोघं इंजिन बंद करून काठावर बसले आणि एकाच चंचीतली तंबाखू मळू लागले.

तेवढ्यात एका गुत्तेदाराची चुन्याने भरलेली लॉरी आली. तिने या दोघांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पाण्यात उतरली, पलीकडे चढली आणि शर्यत जिंकली. पाणी गुडघाभर होतं.

सरकारांनी जाब विचारला तेव्हा बाबूमियाँ मान खाली घालून म्हणाले, "सरकार, दुसऱ्या शर्यती व्हतील. पोरगं एवढ्या अदबीनं पुन्यांदा कवा बोलनार?"

* * *

त्यानंतर दोघांनी सरकारांकडे एकच तक्रार लावून धरली. माझी मोटार ओढत नाही, त्याची लई पळते, मिस्त्री त्याचीच नीट करतो. मी शपथेवर सांगितलं की दोन्ही सारख्याच आहेत. कोण ऐकतो? सरकार कंटाळले आणि तिसऱ्या शर्यतीला त्यांनी मोटारीच बदलून दिल्या. याची त्याला, त्याची याला.

दुसऱ्याच दिवशी दोघं पुन्हा माझ्याकडे. आधीचीच बरी होती म्हणे. सटवाची वेगळीच कुरकुर. "मिस्त्री, चाचाच्या मोटारीला तोंडानं हो हो म्हनल्याबिगर ब्रेकच लागंना झालाय."

तरी शर्यत सटवाने जिंकली, बाबूमियाँच्या मोटारीवर. हार त्याच्या गळ्यात पडला, आणि बाबूमियाँ गर्दीतून वाट काढत पुढे आले. म्हणाले, मोटार माझी आहे, माझ्या हाताखाली तयार झालीय, तेव्हा ही शर्यत माझ्या नावावर धरा. मोठी पंचाईत झाली. पंच मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. सरकारांनी बराच विचार करून सांगितलं की शर्यत सटवाची, हार मोटारीचा.

बाबूमियाँनी सटवाच्या गळ्यातून हार काढला, मोटारीच्या दिव्याला बांधला आणि बॉनेट थोपटलं. सटवा रिकाम्या गळ्याने बघत राहिला.

* * *

दोघांची एकेक शर्यत झाली. चौथी आमच्या गावापासून परळीपर्यंत होती. परळीला नुकतीच रेल्वे आलेली, आणि नवी मोटार स्टेशनवर वॅगनमधून उतरून तयार होती. त्या आठवड्यात बाबूमियाँ रोज वर्दी घालायचे, रोज बटणं घासायचे. सटवानेही चंदीचं विचारणं सोडून दिलं.

परळी अर्ध्या कोसावर आली तोवर बाबूमियाँ पुढे होते. आणि रस्त्यावर मेंढरं आली, चांगली दोन-अडीचशे. बाबूमियाँनी हॉर्न वाजवला. मेंढरं घाबरून आणखी जवळ जवळ आली आणि मोटारीभोवती गच्च उभी राहिली. मागून सटवा आला. त्याने हॉर्नला हातही लावला नाही. बसल्या जागेवरून जिभेने काहीतरी आवाज काढला, वर एक शीळ घातली. मेंढरांनी मधोमध वाट करून दिली. तो त्यातून गेला आणि मेंढरं पुन्हा बाबूमियाँभोवती जमली.

ते पोचले तेव्हा पंचांपुढे एकच वाक्य बोलले. "शर्यत मोटारीची व्हती का मेंढरांची?"

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, नव्या मोटारीची पुढची सीट स्वच्छ पुसली आणि सटवाला म्हणाले, "सरकारांना हिसका बसला तर याद राख." मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच इंजिनात डोकं घातलं.

* * *

परतताना नव्या मोटारीत सरकार मागे, सटवा चालवायला आणि इंजिनावर लक्ष ठेवायला मी त्याच्या शेजारी. बाबूमियाँ जुनी मोटार घेऊन मागून. सटवाची जुनी मोटार दुसऱ्या दिवशी आणायची ठरली होती.

नवी मोटार लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. सरकार खुशीत होते. सटवा मात्र सारखा मान वळवून मागे बघायचा. दोन कोस गेल्यावर त्याने वेग कमी केला. मग आणखी कमी केला. शेवटी भर उन्हात, उघड्या माळावर मोटार थांबवली आणि खाली उतरला.

सरकारांनी विचारलं, "कावून थांबलास?"

"सरकार, मागं धूळ दिसंना."

मला वाटलं, आता याची नोकरी गेली. सरकारांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मागच्या रस्त्याकडे. मग पानाचा डबा उघडला आणि शांतपणे विडा लावायला घेतला. आम्ही तिघं त्या उन्हात थांबलो. सटवा कपाळावर हात धरून परळीच्या दिशेने बघत उभा होता.

बऱ्याच वेळाने लांबवर धुळीचा एक लोट उठला. हळूहळू मोठा व्हायला लागला.

"बसा मिस्त्री, लवकर बसा. चाचा आला!" सटवा उडी मारून आत बसला आणि त्याने मोटार अशी हाणली की सरकारांच्या हातातला विडा माळावरच राहिला.