खालून कापलेल्या तीन ओळी

वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, आणि ऐन वेळी जाहिरात आली की शेवटचा परिच्छेद न वाचता उडवायचा. बनारसच्या एका हिंदी दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं हेच केलं. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या रैनबसेऱ्याच्या सल्लागार समितीवर मला नागरिक सदस्य म्हणून घेतलं. रैनबसेरा म्हणजे बेघरांचा रात्रनिवारा. दोन हॉल, पस्तीस खाटा, दारावर चौकीदार. समितीत सात जण. अध्यक्ष निवृत्त अधिकारी. सातवी जागा निवासी सदस्याची, म्हणजे तिथेच झोपणाऱ्यांपैकी एकाची.

ती जागा एका बाईंकडे होती. बालाजी घाटाजवळच्या मराठी घरांत मुंज किंवा श्राद्ध असलं की त्या पोळ्या लाटायला येत. मूळच्या गाजीपूरकडच्या, पण चाळीस वर्षांत मराठी बोलायला शिकलेल्या. त्यांची खोली होती ते घर विकून गेस्टहाऊस झालं, तेव्हापासून त्या रैनबसेऱ्यात होत्या. मला दादा म्हणत.

समितीची नियमावली हाताने लिहिलेली, तीन पानी होती. प्रत्येक नवी गोष्ट शेवटी जोडलेली. ती अद्ययावत करायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष म्हणाले, "एक पन्ने में लाइए. लैमिनेट करके दरवाजे पर टाँगना है, पोथी थोड़े ही टाँगेंगे."

मसुदा मी एका दुपारी केला. सदस्यत्वाची मुदत दोन वर्षं. गणसंख्या पाच. बैठकीची सूचना सात दिवस आधी. लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व रद्द. निवाऱ्यात प्रवेश ओळखपत्र पाहून. भाषा साफ झाली, पुनरुक्ती गेली. तरी मजकूर पानाबाहेर तीन ओळी जात होता. शेवटच्या तीन ओळी काढल्या.

बैठकीत अध्यक्षांनी मसुदा वाचलेला समजावा असं सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले. बाईंनीही केला. इतिवृत्तात मी लिहिलं, एकमताने मंजूर.

कागद दारावर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्याकडे आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"दादा, काल चौकीदाराने दातूनवाल्याला आत नाही घेतलं."

दातूनवाले म्हणजे संकठा घाटाच्या पायऱ्यांवर दात घासायच्या कडुलिंबाच्या काड्या विकणारे सत्तरीचे गृहस्थ. त्यांचं आधार कार्ड पुरात गेलं होतं. नवं निघत नव्हतं, कारण बोटांचे ठसे उमटत नव्हते.

"कार्ड नाही म्हणून?"

"कार्ड कधी होतं? दोन वर्षं माझ्या ओळखीवर झोपतो तो. चौकीदार म्हणतो, कागदात दाखव. कागद तुम्हीच लिहिला ना?"

"हो."

"मग माझी ओळख कुठे आहे त्यात?"

मी जुनी पानं काढली. शेवटचं कलम होतं: ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, त्याला निवासी सदस्याच्या ओळखीवर प्रवेश द्यावा. ते बाईंनीच भांडून घालून घेतलं होतं. सगळ्यांत नंतर आलं म्हणून ते शेवटी होतं. शेवटी आहे म्हणून मी ते कमी महत्त्वाचं धरलं. कापण्याआधी वाचलं होतं की नाही, हे आता सांगता येत नाही.

"कापलं गेलं," मी म्हणालो.

"कोणी कापलं?"

"मी. पानात बसत नव्हतं."

त्या म्हणाल्या, "कणीक उरली तर मी एक छोटी लाटते, दादा. फेकत नाही."

अध्यक्षांना फोन केला.

"गलती हुई है तो सुधार लेंगे," ते म्हणाले. "बैठक बुलाइए, सात दिन की सूचना दीजिए. आप ही का नियम है."

"तब तक?"

"तब तक नियम नियम है, भाई साहब."

संध्याकाळी बाईंबरोबर रैनबसेऱ्यावर गेलो. चौकीदार नवा होता, सभ्य होता. त्याने कागदावर एकेका ओळीवर बोट ठेवलं. "बाबूजी, मेरी नौकरी इसी कागज पर है. दिखा दीजिए, अंदर ले लूँगा." दाखवण्यासारखं काही नव्हतं. दातूनवाले गाठोडं घेऊन बाजूला उभे होते. ते म्हणाले, "छोड़िए, घाट तो है ही."

श्रावण होता. गंगा रोज एक-दोन पायऱ्या वर येत होती. ते आधी पायऱ्यांवर झोपले, मग वर एका ओट्यावर. आमच्या घरात तळमजल्याची खोली रिकामी होती. ती मी देऊ केली नाही. तसा विचार आला नव्हता असं नाही. रोज सकाळी त्यांच्याकडून दातून घेत होतो, तेवढंच.

पाचव्या दिवशी ते जागेवर नव्हते. एक नाववाला म्हणाला, मिर्झापूरला भाचीकडे गेले. फुलवाली म्हणाली, स्टेशनच्या दिशेने जाताना पाहिले. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर बाई स्वतः जाऊन विचारून आल्या. तिथे आणलेले नव्हते.

सूचनेचे सात दिवस भरल्यावर बैठक झाली. पावसामुळे बाईंना धरून पाचच जण आले, गणसंख्या जेमतेम भरली. त्या एका घरच्या सत्यनारायणाचा स्वयंपाक टाकून आल्या होत्या. दुरुस्ती मी कलम एक म्हणून मांडली.

"सबसे ऊपर क्यों?" अध्यक्षांनी विचारलं.

"ऊपर का कोई नहीं काटता."

मंजूर झाली. संध्याकाळी नवा कागद दारावर लागला. बाई तिथेच उभ्या होत्या. पिशवी घेतलेली एक बाई आली, तिच्याकडे कार्ड नव्हतं. निवासी सदस्य पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मेरी पहचान की है."

"कब से जानती हैं?" चौकीदाराने विचारलं.

"अभी से."

त्याने कागद वरपासून वाचला. ओळख किती दिवसांची असावी, हे त्यात नव्हतं. त्याने तिला आत घेतलं.

दातूनवाले त्या पावसाळ्यात परत आले नाहीत, नंतरही नाहीत. प्रत्येक बैठक सुरू होताच बाई विचारतात, "दातूनवाले का क्या हुआ?" अध्यक्ष म्हणतात, हा विषय पत्रिकेवर नाही. इतिवृत्त मी लिहितो. त्यात पहिली नोंद हीच असते: निवासी सदस्यांनी विचारणा केली. माहिती नाही.