फ्यूजची बारीक तार

लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले तेव्हा विजेचं बटण दाबायची मला भीती वाटायची. माहेरी कोकणात कंदील. इथे खोलीत लोंबणारा एक दिवा आणि यांना गिरणीच्या विजेच्या खात्यात नोकरी. पहिल्याच आठवड्यात मी शेजारणीची विजेची इस्त्री मागून आणली, लावली आणि फट्‌ असा आवाज होऊन आख्खा मजला अंधारला. मी इस्त्री तिथेच सोडून मोरीत जाऊन उभी राहिले.

"काय झाला गो?" सासूबाई विचारत होत्या.

"मी वीज मोडली," मी म्हटलं.

हे कामावरून आले ते पोट धरून हसले. जिन्याजवळच्या बोर्डापाशी मला घेऊन गेले. आधी मेन स्विच खाली केला, मग चिनीमातीचा पांढरा फ्यूज ओढून माझ्या हातावर ठेवला. त्यातली तार मधोमध वितळली होती.

"ही तार मुद्दाम बारीक ठेवतात," हे म्हणाले. "वीज झेपेनाशी झाली की आधी हीच जळते. ही जळली म्हणून भिंतीवरची वायर वाचली. तू काही मोडलेलं नाहीस."

नवी तार त्यांनी मलाच बांधायला लावली. स्क्रूभोवती ती उलटी गुंडाळल्यामुळे दोनदा निसटली. तिसऱ्यांदा जमली. स्विच वर केला, दिवे आले आणि मजल्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसानंतर फ्यूज उडाला की हे कामावर असताना बायका मलाच हाक मारायच्या.

मामंजी मात्र माझ्याशी बोलत नसत. म्हणजे रागाने नव्हे, तशी रीतच होती. सासरा आणि सून समोरासमोर असले तरी निरोप सासूबाईंमार्फत जायचा. मामंजींचा आवाज दणदणीत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत घोषणा द्यायला ते सगळ्यात पुढे. घरी यायचे ते घसा बसवूनच, मग सासूबाई हळद घातलेलं दूध पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "आता तरी गप रवा."

महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, त्या दिवशी गप्प कोण राहणार! मामंजींनी मजल्याची गॅलरी सजवायचं अंगावर घेतलं होतं. आंब्याची पानं, पताका आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची माळ. दिव्यांना रंगीत कागद गुंडाळले होते. गिरण्या बंद होत्या, पण यांना दुरुस्तीसाठी बोलावणं आलं होतं. मी घरात पुरणपोळ्या लाटत होते.

तिन्हीसांजेला मामंजींनी माळ लावली. क्षणभर सगळं लाल-हिरवं झालं आणि फट्‌!

"तांब्याची जाड तार आणा रे कुणी!" मामंजी ओरडले. "आज काही झालं तरी दिवे जाता कामा नयेत!"

समोरच्या खोलीतल्या भाऊजींनी तार आणलीसुद्धा. मी पिठाच्या हातांनी धावत बोर्डापाशी गेले.

"सासूबाई, मामंजींना सांगा, जाड तार घालू नका."

सासूबाई वळल्या. "ती म्हणता, जाड तार नको."

"तिला विचार, का नको?"

मामंजी माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

"सांगा, जाड तार जळणार नाही. मग भिंतीवरची वायर तापेल. ती लाकडी पट्टीवरून गेली आहे."

सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "एवढा सगळा माझ्या लक्षात नाय रवाचा. तुमीच बोला एकमेकांशी!"

सगळा मजला हसला. मामंजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "मग पोरी, आज अंधारात बसायचं?"

"घरातले दिवे बंद केले तर माळेला पुरेल," मी म्हटलं. "पंखा, रेडिओ, सगळंच बंद."

मामंजी वळले आणि तोच मोर्च्यातला आवाज गॅलरीभर घुमला, "घरातले दिवे बंद करा! सगळ्यांनी बाहेर या!"

दारादारांतून खटाखट बटणं बंद झाली. मी यांच्या डब्यातली फ्यूज वायर काढली. सासूबाईंनी मेणबत्ती धरली, मामंजींनी स्वतः मेन स्विच खाली केला आणि मी तार बांधली. या वेळी ती पहिल्याच खेपेला बसली. मामंजींनी स्विच वर केला.

माळ लागली. फ्यूज टिकला.

घरं काळोखी होती, त्यामुळे आत थांबायला कुणीच तयार नव्हतं. म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट बाहेर आणलं, तान्ही मुलं कडेवर आली. माझ्या पोळ्या ताटांतून फिरल्या. एरवी एकमेकींशी अबोला धरणाऱ्या दोघी एकाच वाटीतलं तूप घेत होत्या. सगळ्यांचे चेहरे कधी लाल, कधी हिरवे.

हे परतले तेव्हा जिन्यातच थबकले. "घरात अंधार का?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या बायकोचा हुकूम," मामंजी म्हणाले आणि मला जवळ बोलावून स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. "खा. सगळ्यांना वाढलंस, तू उपाशीच आहेस."